टेकऑफ झालं आणि स्नॅग आला : वाचकांचे प्रश्न

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदललाय. आधी लोक विचारायचे की खिडकीच्या काचेला ते बारीक भोक कशाला असतं, आता विचारतात की उडाल्या उडाल्या काही बिघडलं तर पुढे बसलेले दोघं नेमकं करतात काय. अहमदाबादबद्दल अंतिम अहवाल पूर्ण वाचल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही, टीव्हीवर जेवढं झालं तेवढं पुष्कळ झालं. बाकीच्या प्रश्नांना मात्र उत्तरं देता येतात. मी पायलट नाही, माझी नोकरी हँगरमधली, विमान दुरुस्त करायचं आणि सही करायची, तेव्हा उत्तरं त्या बाजूने येतील हे धरून चाला. आणि आमच्यात बिघाडाला स्नॅग म्हणतात, ती सवय काही सुटत नाही.

प्रश्न : मध्यंतरी पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. उडून दहा मिनिटं झाली असतील, कॅप्टनने सांगितलं की टेक्निकल कारणामुळे आपण परत पुण्याला जातोय. म्हटलं ठीक आहे. पण त्यानंतर जवळजवळ तासभर आम्ही नुसत्या घिरट्या घालत होतो! शेजारच्या आजींनी रामरक्षा सुरू केली. बिघाड झालाय तर सरळ खाली उतरवायचं ना, फिरवत कशाला बसायचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : हेच बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उडाल्यावर काही बिघडलं की पायलटचं पहिलं काम बिघाड दुरुस्त करणं हे नसतंच, विमान उडतं ठेवणं हे असतं. मग कुठे जायचं ते ठरवायचं, आणि मग कंट्रोलशी, म्हणजे जमिनीवरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलशी बोलायचं, ह्याच क्रमाने, जगभर हेच शिकवतात. जमिनीपासून साधारण ४०० फुटांपर्यंत तर चाकं आत घेणं सोडून कशालाच हात लावायचा नाही अशी शिस्त असते, लाल दिवा लागू दे नाहीतर घंटा वाजू दे, घंटा बंद करायची आणि विमान वर न्यायचं. त्यानंतर एकाने फक्त उडवायचं आणि दुसऱ्याने स्नॅग बघायचा. बरेचदा कॅप्टन विमान उडवायचं काम को-पायलटच्या हातात देतो आणि स्वतः विचार करायला मोकळा होतो, प्रवाशांना हे ऐकून धक्का बसतो पण मला विचाराल तर तेच शहाणपणाचं आहे.

मग चेकलिस्ट. एक ओळ वाचायची, त्या स्विचवर बोट ठेवायचं, दुसऱ्याने बघून हो म्हणायचं, मगच दाबायचं. ह्याला वेळ लागतो आणि तो लागू द्यायचा असतो. ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून सिडनीला निघालेलं क्वांटास कंपनीचं एअरबस ए-३८० घ्या. उडून चार-पाच मिनिटांत दोन नंबरचं इंजिन फुटलं, तुकडे पंखातून आरपार गेले आणि खाली इंडोनेशियाच्या बाताम बेटावर पडले. विमानात ४६९ माणसं. स्क्रीनवर एकामागून एक पन्नासच्या वर सूचना यायला लागल्या, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चाकं, ब्रेक वगैरे चालवणारी यंत्रणा), इलेक्ट्रिकल, इंधन, ब्रेक, सगळंच. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये पाच पायलट होते, त्यांनासुद्धा ते सगळं निस्तरायला पाऊण तासाच्या वर गेला, आणि टेकऑफपासून उतरेपर्यंत पावणेदोन तासांहून जास्त. उतरल्यावरही एक नंबरचं इंजिन बंद होईना कारण त्याच्या तारा तुटल्या होत्या, फायर ब्रिगेडवाल्यांनी तासन् तास फवारे मारून ते बंद पाडलं. विमानातल्या एकालाही इजा झाली नाही. घाईघाईने वळवून रनवेवर आणलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार न केलेला बरा, कारण किती ब्रेक चालतायत आणि किती रनवे लागणार हा हिशोबच तोवर झालेला नव्हता.

दुसरी गोष्ट वजनाची. ए-३२० निओ साधारण ७९ टनांपर्यंत वजन घेऊन उडू शकतं पण उतरताना ते ६७ टनांच्या आसपास असावं लागतं. मधलं वजन वाटेत इंधन जळून कमी होतं असं गृहीत धरलेलं असतं. लांबच्या फ्लाइटला निघालेलं विमान दहा मिनिटांत परत यायचं म्हणजे टाक्या भरलेल्याच. मोठ्या विमानांत, म्हणजे बोइंग ७७७ वगैरे, इंधन हवेत सोडून द्यायची सोय असते, पण ए-३२० आणि ७३७ मध्ये ती नसतेच, त्यांना फिरून फिरून जाळावंच लागतं, तासाला साधारण अडीच टन. ११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं ७३७ आठवत असेल, हायड्रॉलिकचा स्नॅग आला आणि ते दोन तासांच्या वर आकाशात फिरत होतं, खाली अॅम्ब्युलन्सची रांग, टीव्हीवर लाइव्ह, आणि शेवटी अगदी साधं उतरलं. गंमत म्हणजे विमानतळाने फुल इमर्जन्सी लावली होती आणि कंपनीने नंतर सांगितलं की पायलटनी इमर्जन्सी जाहीरच केली नव्हती.

पुणे-दिल्लीला वजनाचा फरक तसा फार नसतो, पण पुण्याचा रनवे अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि फ्लॅपचा, म्हणजे हळू उडताना पंखातून बाहेर येणाऱ्या पट्ट्यांचा, स्नॅग असेल तर उतरायचा वेग वाढतो, ब्रेकचा असला तरी रनवे जास्त लागतो, मग इथे उतरायचं की मुंबईला जायचं हाही प्रश्न येतो. धूर किंवा आग असती तर हे सगळं गुंडाळून थेट उतरवलं असतं, वजन जास्त असलं तरी, नियमाला ते चालतं. तेव्हा तासभर फिरवत होते ह्याचा अर्थ मी तरी असा घेईन की आगबिग काही नव्हती आणि त्यांच्या हाताशी वेळ होता. आजींची रामरक्षा वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्न : टेकऑफनंतर मिनिटभरात इंजिनचा आवाज एकदम कमी होतो आणि पोटात गोळा येतो. इंजिन बंद पडतं का?
— वसईहून एक ताई

उत्तर : नाही हो. टेकऑफला लागते ती जास्तीची ताकद हजार-दीड हजार फुटांवर कमी करतात, इंजिनाचं आयुष्य वाढतं आणि खालच्या लोकांना त्रास कमी. नाक थोडं खाली येतं म्हणून पोटात गोळा. धप्प आवाज चाकं आत गेल्याचा आणि घरघर फ्लॅप आत जातानाची. आणि एअरबसमध्ये गेटवर उभं असताना खालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला तर तो एका हायड्रॉलिक सिस्टीमकडून दुसरीला प्रेशर पोचवणारा पंप आहे, खाली सामानात कुणाचा मोती अडकलेला नाही.

प्रश्न : मी माहीमचा, वय ७४. १९७८ च्या नवीन वर्षाच्या पहिल्याच रात्री एअर इंडियाचं जंबो वांद्र्यासमोर समुद्रात पडलं होतं. तेव्हा सगळीकडे घातपात घातपात असंच बोलत होते. खरं काय होतं ते नीट कधी कळलंच नाही. सांगाल का?
— एक जुने वाचक, माहीम

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण आपल्या इथली एवढी मोठी घटना आणि आजच्या पोरांना माहीतसुद्धा नाही. एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘सम्राट अशोक’. १ जानेवारी १९७८, रात्री पावणेनऊच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईला निघालं, विमानात २१३ जण. किनारा ओलांडल्यावर उजवीकडे एक साधं वळण घेतलं, विमान परत सरळ झालं, आणि मग डावीकडे कलायला लागलं ते कलतच गेलं. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांत समुद्रात, किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर. कुणीही वाचलं नाही.

घातपात नव्हता. कॅप्टनसमोर एक गोल यंत्र असतं, त्यात वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये रेघ, विमान किती कललंय ते त्यावर दिसतं. विमान उजवीकडून सरळ झालं तरी कॅप्टनच्या यंत्रावरची रेघ उजवीकडेच अडकून राहिली. म्हणजे विमान सरळ आणि यंत्र सांगतंय की अजून उजवीकडे कललोय. मग माणूस काय करणार, डावीकडे वळवणार. दिवस असता तर काचेतून क्षितिज दिसलं असतं आणि दोन सेकंदांत लक्षात आलं असतं, पण पुढे रात्रीचा काळा अरबी समुद्र, मुंबईचे दिवे सगळे पाठीमागे. आणि विमान हळूहळू कललं ना तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ते कळतच नाही, खुर्चीत बसलेल्याला सरळच वाटत राहतं.

आता मला जे कायम खटकतं ते सांगतो. कॉकपिटमध्ये अशी यंत्रं तीन होती, कॅप्टनचं एक, को-पायलटचं एक आणि मधल्या पॅनेलवर तिसरं राखीव. कॅप्टनचं लक्ष गेलं की आपल्या यंत्राचं काहीतरी बिनसलंय आणि तो तसं बोललाही, को-पायलट म्हणाला की माझंही गेलंय, खरं तर त्याचं बहुधा बरोबरच दाखवत होतं, डावीकडे कललेलं. दोघांचं यंत्र गेलं अशी कॅप्टनची समजूत झाली. पाठीमागे बसलेला, विमानाच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर शेवटच्या काही सेकंदांत कॅप्टनला सांगत होता की त्या यंत्रावर जाऊ नका, पण तोवर विमान ९० अंशांच्या पलीकडे कललं होतं. मधल्या तिसऱ्या यंत्राकडे एकाने जरी वेळेत बोट दाखवलं असतं तरी खेळ बदलला असता. दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवायला लागली की आपण तिसऱ्याला विचारतो ना, तेवढंच करायचं होतं, पण हातात होते काही सेकंद.

आणि हे एकदाच झालं असं नाही. २२ डिसेंबर १९९९, लंडनजवळचं स्टॅनस्टेड, कोरियन एअरचं मालवाहू जंबो, रात्र, कॅप्टनचं तेच यंत्र अडकलेलं, डावीकडे कलत कलत मिनिटभरात जमिनीवर, चौघे गेले. तिथे तर धोक्याचा अलार्म वाजत होता, फ्लाइट इंजिनिअर कललंय कललंय म्हणून सांगत होता आणि को-पायलट, ज्याच्या समोरचं यंत्र ठीक होतं, गप्प बसला. साहेबांना कसं सांगायचं हा रोग फक्त आपल्याच ऑफिसांत आहे असं समजू नका. त्या विमानाचा स्नॅग आधीच्या फ्लाइटच्या पायलटनी सांगितलेला होता बरं का, स्टॅनस्टेडला जमिनीवरच्या लोकांनी उघडून बघितलं, कनेक्टरमधली एक पिन आत गेलेली दिसली, ती बाहेर काढून बसवली आणि काम झालं म्हणाले. खरा दोष होता माहिती पुरवणाऱ्या दुसऱ्याच युनिटमध्ये. पिन सापडली म्हणजे स्नॅग सापडला असं होत नाही, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून सांगायचो.

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचंय. आमच्या कोल्हापूरला एटीआर, ते पंख्याचं छोटं विमान, येतं. टेकऑफला एक इंजिन गेलं तर ते उडतं का? आणि ट्रेनिंगमध्ये सगळ्यात अवघड काय असतं?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : उडतं, बाळा. प्रवासी विमानाला परवानाच त्या अटीवर मिळतो. रनवेवर धावताना एक ठरलेला वेग असतो, त्याच्या आत काही झालं तर थांबायचं, त्याच्या पुढे गेलं की एका इंजिनावर का होईना वर जायचंच. सिम्युलेटरमध्ये नेमक्या त्याच क्षणाला इंजिन बंद पाडतात आणि हे दर काही महिन्यांनी, नोकरी संपेपर्यंत.

अवघड काय, तर हात आवरणं. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशियाचं एटीआर-७२ उडालं, विमानात ५८ जण. अर्ध्या-पाऊण मिनिटात उजव्या इंजिनाची धोक्याची सूचना आली आणि त्याच्या पंख्याची पाती आपोआप वळून तो निकामी झाला. खरं तर इंजिनाला काही झालेलंच नव्हतं, एका छोट्या युनिटच्या कनेक्टरमधलं सोल्डरिंग तडकलेलं, त्यामुळे चुकीचा सिग्नल गेला. एका इंजिनावर ते विमान आरामात परत आलं असतं. पण कॅप्टनने घाईत डाव्या, म्हणजे चांगल्या इंजिनाची ताकद कमी केली आणि मग ते बंदच करून टाकलं. को-पायलट थांबा, आधी तपासू असं म्हणत होता. विमान उड्डाणपुलाला घासून नदीत पडलं, ४३ जण गेले. म्हणून कुठलंही इंजिन बंद करताना लिव्हरवर हात ठेवून, कुठलं आहे ते मोठ्याने बोलून, दुसऱ्याने हो म्हणेपर्यंत ओढायचं नाही. तू उद्या को-पायलट झालास आणि कॅप्टन वीस वर्षांनी मोठा असला तरी चूक दिसली तर बोलायचं, नुसतं आडून सुचवायचं नाही, स्पष्ट बोलायचं. आत्तापासून सवय लाव, घरी वडिलांवर प्रयोग करू नकोस एवढंच.

प्रश्न : तुम्ही चेकलिस्ट चेकलिस्ट करता पण न्यूयॉर्कच्या हडसन नदीत ज्याने विमान उतरवलं त्याने कुठे चेकलिस्ट पूर्ण केली?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बरोबर पकडलंत. १५ जानेवारी २००९, यूएस एअरवेजचं ए-३२०, २८०० फुटांच्या आसपास असताना गीज पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला. हातात साडेतीन मिनिटंच. दोन्ही इंजिनं बंद पडल्याची जी चेकलिस्ट होती ती २०,००० फुटांच्या वरच्या बिघाडासाठी लिहिलेली, पानंच्या पानं, संपणं शक्यच नव्हतं. पण दोघांची वाटणी बघा. कॅप्टन सलेनबर्गरने कंट्रोल घेतला, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, स्काइल्सने पुस्तक उघडून इंजिन परत चालू करायचा भाग सुरू केला. आणि कॅप्टनने लगेच शेपटातलं छोटं इंजिन, एपीयू, चालू केलं, यादीत ते बरंच खाली होतं पण त्यामुळे वीज टिकली आणि एअरबसची कंट्रोल नीट चालत राहिली. १५५ जण वाचले. यादीतलं काय आधी घ्यायचं हे कळायला आधी अख्खी यादी डोक्यात असावी लागते.

प्रश्न : चिकटपट्टीच्या तुकड्याने विमान पडलं असं आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर सांगतात. खरंय का?
— एएमईचा (विमान देखभाल इंजिनिअरिंगचा) विद्यार्थी, मुंबई

उत्तर : खरंय. २ ऑक्टोबर १९९६, लिमा, एरोपेरूचं बोइंग ७५७. विमान धुताना बाजूच्या बारीक भोकांवर टेप लावली होती, त्या भोकांतून बाहेरच्या हवेचा दाब घेऊन उंची आणि वेग कळतो. टेप काढायची राहिली. रात्रीची वेळ, खाली समुद्र, उडाल्या उडाल्या एक यंत्र म्हणतंय वेग जास्त, दुसरं म्हणतंय कमी. पायलटनी कंट्रोलला उंची विचारली, कंट्रोलने सांगितलीही, पण कंट्रोलच्या स्क्रीनवर येणारा आकडा त्याच विमानाच्या त्याच यंत्रातून जात होता! ७० जण गेले. जमिनीकडे लहरी पाठवून उंची मोजणारं वेगळं यंत्र मात्र बरोबर होतं आणि खाली आलाय म्हणून ओरडत होतं. तुझ्यासाठी एवढंच सांगतो की टेप चकाकत्या चंदेरी रंगाची होती, चंदेरी विमानावर. म्हणून झाकणं लालभडक रंगाची आणि लांब लाल रिबीन लावलेलीच वापरायची, कुणी टेप दे म्हटलं तर देऊ नकोस.

प्रश्न : परत आलेलं विमान दुसऱ्या दिवशी तेच वापरतात का? मी तरी बसणार नाही बुवा.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वापरतात, कधीकधी त्याच संध्याकाळी. पायलट टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग लिहितो, आम्ही तो सोडवतो, चाचणी घेतो, सही करतो, त्याशिवाय विमान हलत नाही. वजन जास्त असताना उतरलं असेल तर चाकं, टायर, ब्रेक, पंखाचे जोड तपासतो, रेकॉर्डरमधला डेटा काढून किती जोरात आदळलं ते बघतो. काही बारीक गोष्टी बिघडलेल्या असताना उडायची मुभा असते पण त्याला ठरलेली मुदत असते, काहींना ३ दिवस, काहींना १०.

भीती वाटायची तर ती लॉगमध्ये अर्धवट लिहिण्याची वाटावी. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या लायन एअरच्या नव्याकोऱ्या ७३७ मॅक्सला बालीत समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारा एक सेन्सर बदलून बसवला, त्याच्यात २१ अंशांची चूक होती. त्या रात्री बालीहून जकार्ताला जाताना उडाल्या उडाल्या कॅप्टनच्या हातातला कंट्रोलचा दांडा थरथरायला लागला, विमान आपणहून नाक खाली ढकलायला लागलं. तेव्हा कॉकपिटमध्ये जादाच्या सीटवर तिसरा पायलट होता, त्याच्या मदतीने त्यांनी नाक खाली ढकलणारी मोटर स्विचने बंद केली आणि विमान जकार्ताला नेलं. लॉगमध्ये लिहिलं वेग आणि उंचीच्या आकड्यांबद्दल, थरथर आणि तो स्विच ह्याबद्दल काहीच नाही. जमिनीवरच्या लोकांनी जे लिहिलंय त्यावर काम केलं. दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला सकाळी, दिल्लीचे कॅप्टन भव्ये सुनेजा तेच विमान घेऊन उडाले आणि १८९ जण जावा समुद्रात गेले. दोष मुळात बोइंगच्या डिझाइनमध्ये होता, नाक खाली ढकलणारी यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर ठेवलेली आणि पायलटना तिचं नावही सांगितलेलं नव्हतं, त्याबद्दल पुढच्या अंकात वेगळं लिहीन.

तुम्ही मात्र खुशाल बसा. एकदा परत आलेलं विमान आमचे लोक जितक्या बारकाईने उघडतात तितकं एरवी उघडत नाहीत. आणि तरीही मनात शंका असेल तर चढताना एअर होस्टेसला विचारा, ती कॅप्टनला विचारून सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.